यंदाचा मेळ

६ जानेवारी

भिंगरे,

नवं वर्ष लागून आठवडा होत नाही तोच आत्याचं पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. आहे काम. फोनवर सांगितलं असतं, पण इथून बोलायचं तर गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहून अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

यंदाचा मेळ घालायचाय. लहानपणी तू तळघराच्या पायरीवर बसून बघायचीस, तेव्हा तुला सगळं माहीत आहे. सगळ्यात वरच्या पट्टीतल्या मालबेक जातीच्या द्राक्षांची वाईन म्हणजे आपली थोरली, कॅबर्नेची ती मधली, आणि शिराझची ती धाकटी. एकेकटी ठेवली तर थोरली गुरगुरते, मधली ताठ बसून राहते आणि धाकटी नुसती खिदळते. तिघींना योग्य मापात एकत्र आणलं की आपली लाल वाईन होते. एवढ्या उंचावर दिवसा ऊन भाजून काढतं आणि रात्री हुडहुडी भरते, म्हणून द्राक्षाची साल जाड आणि वाईन अशी भरदार. ते सगळं डोंगर करतो. मेळ तेवढा माणसाला घालावा लागतो.

आता खरी गोष्ट. तुझ्या बाबांच्या, म्हणजे दादाच्या, डोक्यात खोऱ्यातल्या कारखान्याने भुंगा सोडलाय. त्यांना आपली सगळी द्राक्षं हवी आहेत, दरवर्षीसाठी. म्हणजे आपण वेली सांभाळायच्या आणि द्राक्षं त्यांच्या टाकीत ओतायची. मळा निम्मा त्याचा, निम्मा माझा, तेव्हा मी एकटी नाही म्हणून भागत नाही. तो म्हणतो, "मार्चमध्ये वर येतो, मेळ चाखतो. पूर्वीसारखा जमला असेल तर कारखान्याला नको म्हणू. नाहीतर बये, आपलं वय झालं." आपलं म्हणजे माझं, हे उघड आहे.

तर तू ये. चार दिवस रजा काढ. मला सोबत होईल, दुसरं काही नाही. ऑक्टोबरातल्या तापातून मी आता ठणठणीत आहे. तोवर गंमत म्हणून ट्रकवाल्याबरोबर तिघींच्या तीन बाटल्या पाठवते. वास घे, चव घे आणि तुला काय वाटतं ते लिही. शहाण्यासारखं लिहू नकोस, तुझ्यासारखं लिही.

तुझी आत्या


१५ जानेवारी

आत्या,

बाटल्या पोचल्या. वर बंद केल्यामुळे खाली येईपर्यंत बुचं आत ओढून बसली होती. मास्तरांनी चिमटा, पक्कड आणि शेवटी दात वापरले. (नवरा पोहण्याच्या तलावावर मास्तर असला की त्याच्या दातांना पाण्यात काम नसतं.)

मला यायला जमणार नाही गं. डेपोत फार काम आहे. हिवाळ्यात माणसं बसमध्ये जे काय विसरून जातात! आमच्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीमागे सध्या छत्र्यांचं जंगल झालंय. आणि हल्ली माझं काय झालंय कुणास ठाऊक, पिशवी उघडायच्या आधीच मला आत काय आहे ते कळतं. काल एक बाई पाकीट न्यायला आल्या. मी म्हटलं, "यात खोकल्याच्या गोळ्या आहेत आणि एका कप्प्यात संत्र्याची साल." त्या मला भुताटकीचा प्रकार समजून पैसे न मोजताच पळाल्या. कॉफीचा तर इतका कंटाळा आलाय की सहकारी कप घेऊन आला की मी फायली घेऊन माळ्यावर जाते.

आता तुझ्या तिघी. मला वाईनची भाषा येत नाही, तेव्हा चालवून घे.

थोरली: चामड्याच्या पिशवीत कुणीतरी पिकलेले आलुबुखार विसरलंय आणि पिशवी उन्हात राहिलीये. जिभेला खरखरीत, लोकरीचा स्वेटर नागड्या अंगावर घातल्यासारखी.

मधली: नुकतीच तासलेली पेन्सिल. तिच्यामागे थोडा ओल्या दगडाचा वास. शाळेच्या पहिल्या दिवसासारखी आहे, मला भीती वाटली.

धाकटी: काळी मिरी, आणि इस्त्री फिरवलेलं गरम कापड. घोट संपला तरी गालात गुदगुल्या.

बरोबर का? मास्तरांना तिसऱ्या बाटलीनंतर जिना सापडेना, एवढं मात्र खरं.

तुझी भिंगरी


२७ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र मी तळघरात नेऊन पिंपांसमोर मोठ्याने वाचलं. पिंपवाले काका हसून हसून शिडीवरून पडायचे राहिले. पण गंमत सोड, मुली. पेन्सिल आणि ओला दगड! मी इतकी वर्षं यात काढली, पण मधलीला इतकं अचूक कुणी पकडलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि हो, येऊ नकोस. मी उगाच हट्ट केला. घाटात रस्ता खराब आहे, वळणावळणाला पोट ढवळतं. नाहीच यायचं तू. आणि त्या डेपोत जड पेट्याबिट्या तू उचलू नकोस, त्या कॉफीवाल्याला सांग उचलायला. सकाळी उठल्या उठल्या कोरडं बिस्किट खात जा, वास घ्यायच्या दिवसांत ते बरं असतं.

आता पुढचं काम. तिघींच्या मोठ्या बाटल्या पाठवतेय. घरीच मेळ घालून बघ. थोरलीपासून सुरुवात कर, ती घरची कर्ती आहे. मग बाकीच्या दोघींना थोडं थोडं आत घे. कुठे वास एकमेकींच्या पायात येतात आणि कुठे सरळ चालतात ते लिही. सकाळी लिही, नाक सकाळी ताजं असतं.

दादाचा निरोप आला होता की कारखान्याचा माणूस एकदा येऊन वेली बघून गेला. माझी परवानगी न विचारता! मी काकांना सांगितलं, पुढच्या वेळी आला तर कुत्रं सोडा. काका म्हणाले, आपल्याकडे कुत्रं नाही. मग आणा म्हटलं.

आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झालीये. मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलंय (चांगलं उकळून, ओरडू नकोस). ओट्यावर पेले मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. मास्तर म्हणतात, घरात आता पाणी प्यायलाही पेला उरला नाही, नळाला तोंड लावावं लागतं.

आधी थोरली पाच झाकणं, मधली तीन, धाकटी एक असा घातला. मधलीने सगळा ताबा घेतला. आलुबुखार गेले आणि नुसती शाळा राहिली. मग मधलीचं एक झाकण कमी केलं आणि धाकटीचं एक वाढवलं. पाच, दोन, दोन. आत्या, काय सांगू! पेला फिरवला आणि नाकाशी धरला तर आधी आलुबुखार, त्यामागून चामडं, आणि पार शेवटी, दार लावता लावता कुणीतरी वळून हसावं तशी मिरी. मी पेला धरून तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं.

मास्तरांशी भांडण झालं ते वेगळंच. त्यांना पहिला आवडला. म्हणाले, "तो दमदार होता." मी म्हटलं, तलावाच्या क्लोरीनने तुमचं नाक धुऊन निघालंय, तुम्ही दम या विषयावर फक्त पाण्याखाली बोला.

पण एक विचारू? हे सगळं मी लिहितेय, तू शाबासकी देतेयस, मात्र तुला स्वतःला काय वाटतं ते एकदाही लिहिलेलं नाहीस. तू पाच-दोन-दोन घालून बघितलास का? तुझ्या नाकाला कसा लागला? मी लहान असताना तू माझ्या केसांचा वास घेऊन सांगायचीस की मी कुठल्या झाडावर चढले होते. तुझ्यापुढे मी कोण?

भिंगरी


१४ फेब्रुवारी

भिंगरे,

घाईत लिहितेय, वेलींची छाटणी चालू आहे आणि हात गारठलेत. पाच-दोन-दोन मी घालून बघितला. छान आहे. फारच छान. तरी खात्री असावी म्हणून पिंपांच्या तळातून नवे नमुने काढून पाठवलेत. मार्चमध्ये याच पिंपांतून मेळ घालायचा, म्हणजे हा शेवटचा कौल. बाटल्या मी स्वतःच्या हाताने धुतल्यात, काका छाटणीवर होते. थंडीत कोमट पाण्यात हात घालायचं तेवढंच सुख.

काका परवापासून माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात. म्हातारपणी माणसं तिरसट होतात. (तेच, मी नव्हे.)

नीट जेव.

आत्या


२३ फेब्रुवारी

आत्या,

बाटल्या आल्या. पहिलं बूच काढलं आणि मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. तिन्ही बाटल्यांना गुलाबाच्या साबणाचा वास येतोय.

आधी मी हसले. मास्तरांना म्हटलं, "आमच्या आत्याच्या घरात मेळाच्या दिवसांत सुवासिक साबण शिरला, तर तो चौकटीत हातपाय बांधून पडेल." लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला अत्तर लावून तळघरात उतरू दिलं नव्हतंस, आठवतंय? वहीच्या कागदाला वास होता म्हणून तू माझी गृहपाठाची वही अंगणात ठेवली होतीस. साधा पांढरा साबण, तोही तू मागवून, हुंगून, मगच वापरायचीस.

मग माझं हसू गेलं. आत्या, गुलाबाचा साबण तुझ्या हाताला लागला, बाटलीभर घुमला, घरभर पसरला असेल, आणि तुला कळलं नाही.

आता मागची सगळी पत्रं काढून वाचली. "छान आहे. फारच छान." तू? तू एका घोटावर अर्धा तास बोलणारी बाई!

खरं सांग. तुझं नाक गेलंय का? त्या तापात गेलं का? आणि ऑक्टोबरपासून तू एकटी तिथे बसून मला गमतीच्या बाटल्या पाठवतेयस?

मला तुझा राग आलाय आणि तुझ्याजवळ येऊन बसावंसंही वाटतंय. लगेच लिही.

भिंगरी


४ मार्च

भिंगरे,

हो.

तापातून उठले आणि सकाळी तळघराचं दार उघडलं. एरवी ते दार उघडलं की मला चढलेली वाईन, ओलं लाकूड, मेणबत्ती, आदल्या वर्षीची साल, सगळं एकदम भेटायला यायचं. त्या दिवशी कुणी आलं नाही. मला वाटलं, चोंदलंय. आठवडा गेला, महिना गेला. गरम, गार, जाड, पातळ एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं कागद चावल्यासारखं. डॉक्टर म्हणतात, येईल परत, कधी ते सांगता येत नाही, कधी कधी येतही नाही.

मी थोरलीच्या पिंपात तोंड घालून हुंगलं आणि तिथेच रडले. काका बाहेर जाऊन उगाचच फळ्या ठोकत बसले, म्हणजे मला वाटावं की त्यांनी ऐकलं नाही.

साबणाचं आता कळलं. नेहमीचा संपला होता, दुकानदाराने दुसराच दिला. तोही पांढराच होता गं! मी धुतले हात, धुतल्या बाटल्या, आणि काकांच्या डोळ्यांपुढून गुलाबासारखी दरवळत फिरत राहिले. त्यांना आज विचारलं, "मला सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "वाटलं, या वयात तुम्हाला हौस आली असेल."

तुला फसवलं, हे खरं. पण मेळ घालायला नाक हवं होतं आणि तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा ते मला सापडलं. दादाला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी कारखान्याला होकार दिला असता. आणि तो चूक ठरला नसता, हेच मला खुपतं. नाक नसलेल्या बाईच्या हातात मळा कशाला ठेवायचा?

नवे नमुने काकांनी नुसत्या उकळत्या पाण्याने बाटल्या धुऊन भरलेत. साबण मी दरीत फेकला. शेवटचा कौल तुझा. तू म्हणशील त्या मापाने मी पिंपं रिकामी करीन. दादा वीस तारखेला येतोय.

आत्या


१२ मार्च

आत्या,

पाच, दोन, दोन. बदलू नकोस.

तीन दिवस सकाळी बघितलं. एकदा गार पेल्यात, एकदा खोलीत ठेवून. तू एकदा म्हणाली होतीस की तळघराच्या थंडीत धाकटी तोंड उघडत नाही. इथे खालच्या उबदार हवेत ती मनसोक्त बोलते, आणि थोरलीची गुरगुर निम्मी होते. काकांना तिथे थंडीत दोन भाग धाकटी कमी वाटेल, कुरकुर करतील. त्यांना सांग, आपली वाईन पिणारे सगळे खालीच राहतात.

पण माझी एक अट आहे. बाबांनी घोट घेण्याआधी तू त्यांना सांगायचंस. मी खाली बसून तुझ्या वतीने खोटं हुंगणार नाही. बाबा तडकतील, आदळआपट करतील, पण फसवलं गेलं असं कळलं तर त्यांच्या मनातून ते कधी जाणार नाही. जवळच्या माणसांपासून इतकी मोठी गोष्ट लपवून ठेवतात का, आत्या? एकटीने एवढं ओझं वाहायचं कशासाठी?

मी इथे बोटं मोडत बसलेय.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरे,

जवळच्या माणसांपासून मोठी गोष्ट लपवू नये, हे तुझं वाक्य मी काकांना वाचून दाखवलं. आम्ही दोघंही बराच वेळ हसलो. का ते पुढे कळेल.

दादा काल आला. नवा कोट, कारखान्याचे कागद बगलेत. मी टेबलावर एकच पेला ठेवला आणि त्याचा हात पेल्याकडे जायच्या आत म्हटलं, "थांब. ऑक्टोबरपासून मला वास येत नाही. हा मेळ माझा नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता कागद काढतो. त्याने पेला उचलला. फिरवला. प्यायला. परत प्यायला. मग बाटली स्वतःच्या हाताने ओढून घेतली आणि पेला पुन्हा भरला. तुला ठाऊक आहे, दादा चाखताना दुसऱ्यांदा भरत नाही.

"मऊ आहे," तो म्हणाला. "तुझा असतो त्याहून मऊ. पण शेवटी काहीतरी राहतं मागे. कोणाचा?"

"तुझ्या लेकीचा."

"तिचा? तिला यातलं काय कळतं?"

"तिला सध्या सगळं कळतं," मी म्हटलं. "वहिनीला कळायचं तसं."

भिंगरे, मी शपथेवर सांगते, याहून एक अक्षर जास्त बोलले नाही. पण दादा काही मूर्ख नाही. तुझ्या वेळी वहिनी या घरात राहिली होती. चुलीवर काय शिजतंय ते ती डोंगराच्या वळणावरून सांगायची, आणि धाकटीचं एक पिंप आंबट होणार हे तिला माझ्याआधी पंधरा दिवस कळलं होतं. कॉफीचा वास आला की गोठ्यात जाऊन बसायची. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मी ओळखलं. म्हणून तर येऊ नकोस म्हटलं.

दादाने पेला खाली ठेवला. बाहेर गेला. वेलींमध्ये टोपी न घालता उभा राहिला, इतका वेळ की काका त्याची टोपी घेऊन धावले. आत आला तेव्हा नाक लाल आणि डोळेही. म्हणाला, "मला सांगितलं नाही तिने."

मग कागदांची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. "यंदा नाही देत कारखान्याला. पण हे नाक काही कायमचं नाही, आणि तुझं असं. पुढच्या वर्षी कोण करणार? तेव्हा बघू."

तरी एक वर्ष पदरात पडलं.

तो आज पहाटे ट्रकवाल्याच्या शेजारी बसून खाली उतरतोय. हे पत्र त्याच ट्रकमध्ये आहे, तेव्हा तुझ्या हातात पडेल तेव्हा मागे वळून बघ.

आत्या


२४ मार्च

आत्या,

मागे वळायची गरज पडली नाही. बाबा पत्राच्या आधी आत आले.

डेपोच्या खिडकीशी उभे. रांगेत! हातात टोपी. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "माझी एक मुलगी हरवलीये. फार दिवस झाले, काही कळवत नाही." माझ्यामागे कॉफीवाला कप घेऊन पुतळ्यासारखा उभा. मी खिडकीचं दार उघडून बाहेर गेले आणि रडले, तिथेच, छत्र्यांसमोर.

तुला सांगते, तू ओळखलंसच तरी. मागच्या वेळी दिवस गेले तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी बाबांना सांगितलं होतं, आणि बाबांनी अख्ख्या खोऱ्यात दवंडी पिटली. मग ते राहिलं नाही. ते दुःख होतंच, पण त्यावर प्रत्येकाला परत सांगत बसायचं! दुकानदाराला, पोस्टमनला, शेजारणीला. तेव्हा मी कानाला खडा लावला की पुढच्या वेळी पोट बोलेपर्यंत मी बोलणार नाही. मला आनंद व्हायचीसुद्धा भीती वाटत होती, आत्या. तुझ्या बाटल्या आल्या की सकाळी उठायला काहीतरी कारण असायचं. आता पाचवा लागलाय, डॉक्टर म्हणतात सगळं नीट आहे.

आणखी एक. तुझ्या वाईनचा थेंबही मी जिभेला लावलेला नाही. वास माझे, जीभ मास्तरांची. स्वेटर, गुदगुल्या, सगळं त्यांचं.

बाबा आमच्या बाकड्यावर झोपतात, पाय बाहेर येतात, जायचं नाव घेत नाहीत. काल मास्तरांना पोहायला शिकव म्हणाले.

भिंगरी


१९ सप्टेंबर

आत्या,

बाळ आता महिन्याचं झालं. बाबांनी खोऱ्यात दवंडी पिटली, या वेळी माझ्या परवानगीने.

एक वाईट बातमी आहे, आणि ती तुलाच आधी सांगायला हवी. माझं नाक नेहमीसारखं झालं. काल मास्तरांनी तुझ्या मेळाची बाटली उघडली. मी पेला नाकाशी धरला. लाल वाईन, चांगली, एवढंच. आलुबुखार कुठे, मिरी कुठे! कॉफी मात्र मजेत पिते. पाकिटं पुन्हा नुसती पाकिटं झालीत.

तोडणी जवळ आली. मेळाचे दिवस येतील आणि बाबांचा प्रश्न तसाच आहे. ते इथे बाळाला मांडीवर घेऊन बसतात, पण कारखान्याचे कागद अजून त्यांच्या कोटाच्या खिशात आहेत, मी बघितले. तू कशी आहेस? खरं लिही. मला आता हुंगून कळणार नाही.

भिंगरी


८ ऑक्टोबर

भिंगरे,

तोडणी संपली. थोरलीची द्राक्षं यंदा लहान आणि काळी आहेत, म्हणजे चांगली. काकांनी शेवटचा करंडा उतरवला आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी त्यांना म्हटलं, "काका, हा बहुधा शेवटचा." त्यांनी करंडा झटकून पालथा घातला. मी दादाला तसं पत्र लिहायचं ठरवून टाकलं होतं.

आज सकाळी ते लिहायला बसले. चुलीवर दूध ठेवलं होतं, बाळासाठी मोजे विणायचे राहिलेत म्हणून लोकरही समोर होती. "दादा," एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहावं याचा विचार करत बसले. बराच वेळ गेला. मग मला वाटलं, काहीतरी होतंय. काय ते कळेना. मी मागे वळून बघितलं नव्हतं, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, आवाज तर काहीच नव्हता.

दूध करपत होतं, भिंगरे.

मला कळलं. उठायच्या आधी, बघायच्या आधी, इथे खुर्चीत बसून मला कळलं. किंचितच, लांबून, कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसं. मी धावले. भांडं काळं ठिक्कर. मी ते चुलीवरून उतरवलं आणि त्यावर तोंड धरून हुंगत राहिले, धुराने डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. काका धावत आले आणि खिडकी उघडायला गेले, तर मी त्यांच्यावर अशी ओरडले की ते दारातच थबकले.

अजून फार नाही. थोरली अजून भेटली नाही, धाकटीने जरा लांबून हात हलवला. पण मेळाला जानेवारी आहे, आणि मला वाट बघता येते. दादाला लिहिलेला कागद फाडून टाकलाय. त्याला सांग, खिशातले कागद बाळाला फाडायला दे.

हे लिहितेय तेव्हा दुपार झाली आहे. सबंध घरात करपलेल्या दुधाचा वास आहे. मी एकही खिडकी उघडलेली नाही.

आत्या